साक्ष दिल्यावर: नवी मुंबईतल्या एका कॉलेजमधलं प्रार्थनेचं आणि गोळ्यांचं प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजमधलं आहे. मी तिथे विद्यार्थी समुपदेशक म्हणून काम करते. मुलीची, गटाची किंवा कॉलेजची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीनं हा मजकूर वाचला आहे आणि तो प्रसिद्ध करायला तिची परवानगी आहे. मी स्वतः मराठी ख्रिस्ती घरातली, आजी-आजोबा नगर जिल्ह्यातले. वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

बाहेर हे प्रकरण ‘कॉलेजात धर्मांतर’ या नावानं फिरलं. मला त्यातली खरी दुखरी जागा वेगळी दिसते. एका आजारी मुलीनं भरल्या सभेत ‘मी बरी झाले’ असं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या क्षणापासून तिला पुन्हा आजारी पडायची सोय उरली नाही. पुढचं सगळं त्यातून घडलं.

मुलगी आणि तिचा आजार

मुलगी कोपरखैरण्याची, एसवायबीकॉमला. वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव पाटण तालुक्यात. अकरावीत असताना गावच्या यात्रेत तिला पहिली फिट आली. पण आजार त्याच्या वर्षभर आधीच घरात शिरला होता, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. सकाळी उठल्यावर तिचा हात मध्येच उडायचा. दात घासताना ब्रश बेसिनमध्ये जाऊन पडायचा, चहाचा कप हातातून निसटायचा. आई तिला ‘धांदरट’ म्हणायची. कप फुटायला लागले तसा तिनं स्वतःच तोडगा काढला: उठल्यावर अर्धा-पाऊण तास काही हातात धरायचं नाही आणि चहा स्टीलच्या पेल्यातच घ्यायचा. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला त्या पोरीच्या एकटेपणाची पहिल्यांदा कल्पना आली. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच्या आजाराचा असा बंदोबस्त करत होती आणि घरात चार माणसं असून कुणाला पत्ता नव्हता.

यात्रेतल्या फिटनंतर गावातल्या माणसांनी ‘बाहेरचं आहे’ असा निर्वाळा दिला. देवऋषी झाला, दंडात गंडा बांधला. त्यानंतर पाच महिने फिट आली नाही आणि घरच्यांची खात्री पटली. सहाव्या महिन्यात ती बाथरूममध्ये पडली, कपाळाला टाके पडले, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सकाळच्या हाताबद्दल. मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला. निदान निघालं ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी.

हा अपस्माराचा असा प्रकार आहे की तो बहुतेक वेळा वयात येताना सुरू होतो. झोपेतून उठल्यावर हात-खांदे उडतात, मधूनमधून मोठी फिट येते. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता खूप वाढते. गोळ्यांनी तो बहुतेकांच्या बाबतीत चांगला आटोक्यात राहतो, पण गोळ्या सोडल्या की पुन्हा डोकं वर काढतो; म्हणून डॉक्टर इथे गोळ्या बंद करण्याची घाई करत नाहीत. व्हॅल्प्रोएट हे या प्रकारावरचं जुनं, गुणकारी औषध आहे, पण पुढे गरोदरपणात बाळाला त्याचा धोका असतो. त्यामुळे तरुण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. तिला लेव्हेटिरासिटाम दिलं, सकाळ-संध्याकाळ. फिट थांबल्या. चिडचिड मात्र वाढली. या औषधानं काहींना तसं होतं आणि डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. तिनं सांगितलंच नाही. ‘गोळी घेतली की मी माझी नसते, मॅडम,’ हे वाक्य तिनं पहिल्यांदा माझ्याकडे उच्चारलं ते सगळं घडून गेल्यावर.

घरातली ताकीद एकच होती: कुणाला सांगायचं नाही. कारण लग्न. हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी वारंवार येणारी फिट ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कोपरखैरण्याच्या चाळीत आणि पाटणच्या सोयऱ्यांत ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही. कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मवर ‘काही आजार आहे का’ या रकान्यात वडिलांनी ‘नाही’ लिहिलं. गोळ्यांची स्ट्रिप कंपासपेटीत, कोनमापकाखाली.

शुक्रवारचा गट

कॉलेजमध्ये शुक्रवारी लेक्चर संपल्यावर जिमखान्यामागच्या पायऱ्यांवर बारा-पंधरा मुलं जमायची. एक गिटार, दोन-तीन गाणी मराठी, बाकी हिंदी-इंग्रजी, मग बायबलमधला एक उतारा, मग एकमेकांसाठी प्रार्थना. मल्याळी, तमिळ, मराठी, गोवेकर, आणि तीन-चार हिंदू घरातली मुलंही. आपल्याकडे कॉलेजात असे गट नवे नाहीत. कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ १९२४ पासून आहे, प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांची यूईएसआय १९५४ पासून. हा गट मात्र कुठल्याच संघटनेला जोडलेला नव्हता, आणि माझ्या मते पुढे जे झालं त्यात याचा वाटा मोठा आहे. जुन्या संघटनांकडे वडीलधारी माणसं असतात, कुठे थांबायचं हे सांगणारी. इथे सगळ्यात मोठा माणूस टीवायचा विद्यार्थी होता: कळव्याचा मुलगा, घर मूळचं जालन्याकडचं, बीएस्सी आयटीला. सगळे त्याला दादा म्हणायचे.

ती गटात आली ती एका इंटर्नल परीक्षेमुळे. सकाळचा पेपर, रात्री जागून अभ्यास, आणि लिहिता लिहिता पेन हातातून उडून पुढच्या बाकावर गेलं. पर्यवेक्षकांनी झापलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं पेन उचलून दिलं आणि पेपर संपल्यावर कॅन्टीनमध्ये बसवून नीट विचारलं. तिथे हिनं सगळं सांगितलं. घराबाहेर पहिल्यांदाच. ती मुलगी दचकली नाही, सरकून बसली नाही. ‘आमच्या मावशीला पण येते,’ म्हणाली.

पुढे जे झालं ते या प्रकरणाच्या बातम्यांत कुठेच आलं नाही, म्हणून मी इथे मुद्दाम विस्तारानं लिहिते. ही मैत्रीण रोज सकाळी सातला तिला फोन करायला लागली: ‘गोळी घेतलीस?’ रात्री नऊला पुन्हा. गटातल्या दोघी-तिघींनी वार वाटून घेतले. त्याआधी आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी तिची गोळी चुकायची, कारण घरात आई पहाटे धुणीभांड्याच्या कामाला बाहेर पडायची आणि वडील मार्केटला. गटात आल्यावर तीन महिने एकही गोळी चुकली नाही. प्रार्थनेच्या गटानं एका मुलीचं औषध असं सांभाळलं होतं. दवाखान्याला, कॉलेजला, घराला जे जमलं नव्हतं ते या पोरांना जमलं. त्यांना गुन्हेगार म्हणण्याआधी हे कुणीतरी मोजायला हवं होतं.

सभा, साक्ष आणि दोन महिने

मग एक बाहेरचे प्रचारक आले. घणसोलीत भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये सभा, पत्रकावर कॅन्सर, मधुमेह, फिट अशी आजारांची यादी आणि खाली ‘सुटका’. गटातली मुलं गेली, हीसुद्धा गेली. प्रवचनाला उतारा होता बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला: फिट येणाऱ्या मुलाला बाप येशूकडे घेऊन येतो ती गोष्ट. ज्याच्या घरात फिटचा पेशंट आहे त्याला ती गोष्ट चटका लावून जाते, मलाही लावते. मूल कधी विस्तवात पडतं, कधी पाण्यात, आणि बाप म्हणतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो कमी पडतो तिथे मदत करा. प्रचारकांनी त्या बापाची कमतरता बाजूला ठेवली आणि नुसता विश्वास उचलला. तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. गोळ्यांना त्यांनी ‘कुबड्या’ म्हटलं. गोळ्या बंद करा असं स्पष्ट बोलले नाहीत. कुबड्या कोण कधीपर्यंत वापरतो ते तुमचं तुम्ही ओळखा, असं म्हणाले.

शेवटी साक्ष मागितली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला बोलावलं. ती उठली, माईकवर गेली, आपल्याला फिट येत होती आणि आज प्रभूनं बरं केलं असं म्हणाली. तिनं खोटं सांगितलं असं मला मुळीच वाटत नाही. तिचं म्हणणं असं की डोक्यावर हात ठेवल्यावर अंगभर ऊब पसरली, रडू आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आजाराची लाज वाटली नाही. माझ्या दृष्टीनं त्या रात्री खरोखर काहीतरी बरं झालं होतं. लाज बरी झाली होती. मेंदूतला बिघाड होता तिथेच होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या हॉलमध्ये सांगणारं कुणी नव्हतं.

कुणीतरी मोबाइलवर साक्ष रेकॉर्ड केली. रात्री दहाच्या आत ती क्लिप चार-पाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली होती.

गोळ्या तिनं लगेच सोडल्या नाहीत. एक आठवडा घेतल्या, मग सकाळची सोडली, मग रात्रीची. सातचा फोन येत राहिला, पण प्रश्न बदलला. ‘गोळी घेतलीस?’ असं आता विचारणार कसं? विचारणं म्हणजे तिच्या साक्षीवर शंका घेणं. फोनवर आता बायबलमधलं वचन वाचलं जायचं. गोळी बंद करण्याची एकही सूचना गटातून आली नाही, आणि तरीही गोळी बंद झाली ती गटामुळेच. हे दोन्ही एकत्र खरं आहे.

पहिले दोन महिने फिट आली नाही. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण अपस्मारात लोक हमखास इथेच फसतात. तिला गोळ्या नसतानाही मोठी फिट पाच-सहा महिन्यांनी यायची. ज्या आजाराचा झटका असा लांबलांबच्या अंतरानं येतो, त्यात मधल्या काळात जे काही कराल ते गुणकारीच ठरतं. गंडा बांधल्यावर पाच महिने शांत गेले होते, तेव्हा श्रेय गंड्याला मिळालं. तेल लावल्यावर दोन महिने शांत गेले, श्रेय तेलाला मिळालं. देवऋषी आणि प्रचारक एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण दोघांचा पुरावा एकच होता: दोन झटक्यांमधली नेहमीची सुट्टी.

तिसऱ्या आठवड्यापासूनच सकाळचा हात उडायला लागला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. क्लिप मामाच्या मुलापर्यंत पोचलेली, कॉलेजात अनोळखी मुलं येऊन ‘तूच ना ती?’ विचारणारी, दोन आयांनी आपल्या मुलांसाठी प्रार्थना कर म्हणून फोन केलेला. हात उडतो म्हणजे माझा विश्वास कमी पडतो, असा तिनं अर्थ लावला आणि जास्त प्रार्थना, जास्त उपास सुरू केले. पुन्हा स्टीलचा पेला काढला.

सकाळी पावणेआठ

वार्षिक परीक्षेच्या आधी गटानं रात्रभराची उपास-प्रार्थना ठेवली, ऐरोलीला एका मुलाच्या घरी. घरी तिनं ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला’ सांगितलं. रिकामं पोट, जागरण, गोळ्या नाहीत. या आजाराला फिट आणायची म्हणून कुणी ठरवलं असतं तरी याहून पक्की तयारी झाली नसती. सकाळी सगळे थेट कॉलेजला आले आणि पावणेआठच्या सुमारास मुख्य जिन्यावर ती कोसळली.

गटातल्या तिघांनी तिचे हात धरून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. एका प्राध्यापकांनी ‘कांदा आणा, चप्पल हुंगवा’ असं फर्मावलं. कुणी तोंडात चमचा घालायला कॅन्टीनकडे पळालं. गेटवरच्या सिक्युरिटी गार्डचा भाऊ फिटचा पेशंट. त्यानं सगळ्यांना बाजूला सारलं, तिची ओढणी सैल केली, डोक्याखाली स्वतःचं जॅकेट ठेवलं, हातपाय धरू दिले नाहीत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. अंग सैल पडल्यावर त्यानं तिला कुशीवर वळवलं. डॉक्टर सांगतात ते इतकंच: इजा होऊ द्यायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, वेळ मोजायचा, आणि ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर हॉस्पिटल. दुसरी आली. १०८ ला फोन गेला. वाशीच्या एका हॉस्पिटलात दोन दिवस आयसीयूत होती.

ती वाचली, धड आहे. जिन्यावर डोकं आपटून किंवा त्या दुसऱ्या फिटमध्ये श्वास अडकून वेगळं काही घडू शकलं असतं हे डॉक्टरांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं.

प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये

वडिलांना गटाबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. आयसीयूबाहेर कुणीतरी त्यांना ती क्लिप दाखवली. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले, मार्केटमधले दोन सहकारी बरोबर. ‘मॅडम, पोरगी शिकाया धाडली का बाटवाया?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या जागी तो रास्त होता. संध्याकाळपर्यंत एका विद्यार्थी संघटनेचं निवेदन आलं, गेटवर घोषणा झाल्या. प्रिन्सिपलनी गट कायमचा बंद करून त्या टीवायच्या मुलाला निलंबित करायचा विचार बोलून दाखवला.

या भीतीला आपल्याकडे जुनी मुळं आहेत. १८४३ साली मुंबईत मिशनरी शाळेतल्या नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे गेला, तो अल्पवयीन म्हणून कोर्टानं आईवडिलांच्या ताब्यात दिला, आणि त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. वर्गात शिकायला गेलेलं मूल धर्म बदलून परत येईल ही धास्ती तेव्हापासूनची आहे. तिला हसण्यात अर्थ नाही.

पण कायद्याची बाजू नीट मांडणं माझं काम होतं. संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कलम २८ प्रमाणे अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मुलगी १९ वर्षांची, स्वतःहून जाणारी. बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. तेव्हा ‘बाटवली’ हा आरोप टिकणारा नव्हता.

घणसोलीचं पत्रक मात्र वेगळं. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा काही ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. त्याच्या यादीत अपस्मार आहे, कॅन्सर आणि मधुमेहही आहे, आणि तोंडी घोषणाही जाहिरातीत मोडते. प्रार्थनेला ‘जादूचा उपाय’ म्हणता येईल का हा वादाचा मुद्दा राहील. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं घरातली, देवळातली, चर्चमधली, शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारी प्रार्थना-उपासना आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. वडिलांना मी सांगितलं की तक्रार करायची तर त्या पत्रकाविरुद्ध करा, मी बरोबर येते. त्यांना मार्केटचा एक दिवसही बुडवणं परवडणारं नव्हतं आणि पोलिस स्टेशनात मुलीचा आजार सगळ्यांना कळेल ही धास्ती होती. तक्रार झाली नाही.

गट बंद करू नका असं मी प्रिन्सिपलना स्पष्ट सांगितलं. कारण साधं होतं. ही मुलगी हॉस्पिटलमधून परत आल्यावर तिच्या गोळीची आठवण करणारी माणसं कॉलेजात तेवढीच होती. त्यांना गेटबाहेर काढलं असतं तर ती मुलं घणसोलीच्या हॉलमध्येच गेली असती, आणि तिथे त्यांना अडवणारं कुणी नाही. प्रिन्सिपलना हे पटायला वेळ लागला. त्यांनी एक महिना गटाच्या बैठका थांबवल्या आणि तोवर तोडगा काढायला सांगितलं.

पाळकांनी काढलेला उतारा

ठाण्यातले एक निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि तिचे न्यूरोलॉजिस्ट, दोघांना एकाच दुपारी कॉलेजात बोलावलं. गटातली सगळी मुलं होती. ती स्वतः होती, मैत्रिणीच्या शेजारी, डोक्यावर टाक्यांची पट्टी.

डॉक्टरांनी ईईजीचा कागद फळ्यावर लावला आणि काय दिसतं ते समजावलं. नेहमीच्या अपस्मारात दोन वर्षं फिट नसेल तर गोळी हळूहळू कमी करायचा विचार होतो, या प्रकारात तोही सावधपणे, हे सांगितलं. मुलं ऐकत होती, पण चेहरे घट्ट होते. शेवटी दादा म्हणाला, ‘सर, मग देव बरं करत नाही असं म्हणायचं का आम्ही?’

त्याला उत्तर पाळकांनी दिलं. त्यांनी मार्कचाच पहिला अध्याय काढला. येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो आणि लगेच ताकीद देतो: कुणाला काही सांगू नकोस, जा आणि स्वतःला याजकाला, म्हणजे यहुदी पुरोहिताला, दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे तपासून ठरवायचं काम याजकाचं होतं. म्हणजे, पाळक म्हणाले, बरं करणाऱ्यानंच आधी तपासणीला पाठवलं, साक्ष नंतर. त्या माणसानं ऐकलं नाही, गावभर सांगत सुटला, आणि त्याचा परिणाम असा झाला की येशूला उघडपणे कुठल्या नगरात जाता येईना. ‘तुम्ही तिला याजकाकडे पाठवलंच नाही. माईक दिलात.’

मग ते मिरजेबद्दल बोलले. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं. पाळकांच्या घरातली तीन पिढ्यांची बाळंतपणं आणि ऑपरेशनं तिथली. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि भूलही दिली जायची, एकीमुळे दुसरी कुणी गाळली नाही. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि खुद्द पौलाचं एक दुखणं त्यानं तीनदा मागूनही गेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या दुखण्यामुळे पौलाचा विश्वास कमी होता असं मंडळीत आजवर कुणी म्हटलेलं नाही. दादा बराच वेळ खाली बघत होता. नंतर त्यानं वहीत लिहायला घेतलं, आणि त्या लिखाणातून गटाचे नियम तयार झाले.

त्यातला सगळ्यात मोलाचा नियम साक्षीबद्दलचा आहे. आजार गेल्याची साक्ष डॉक्टरांनी तसं सांगितल्याशिवाय गटात कुणी द्यायची नाही आणि मागायची नाही. रेकॉर्डिंग तर कधीच नाही. औषधाबद्दल गटात फक्त एकच वाक्य बोलायचं: ‘घेतलंस का?’ आजारी माणसाला रात्रभराच्या प्रार्थनेला किंवा उपासाला घ्यायचं नाही. बाहेरचा वक्ता कॉलेजच्या परवानगीशिवाय नाही. आणि फिट आल्यावर काय करायचं हे त्या सिक्युरिटी गार्डकडून सगळ्यांनी शिकायचं. गार्डनं ते प्रात्यक्षिक जिमखान्यात करून दाखवलं. कांदा मागवणारे प्राध्यापकही आले होते, याचं मला फार बरं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी ती गटासमोर उभी राहिली. तिच्या हातात कागद होता आणि तिनं तो वाचून दाखवला. मी बरी झाले असं मी म्हटलं होतं. मला अजून फिट येते. माझ्या गोळ्या सुरू आहेत, डॉक्टरांनी दुसरी दिली आहे, तिनं चिडचिड होत नाही. मी प्रार्थनेला येणार आहे. चार-पाच वाक्यं. खाली बसताना कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला.

तिच्यानंतर दोन दिवसांनी बीएमएसचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच सभेत त्यानंही हात वर केला होता, साक्ष मात्र दिली नव्हती, आणि नैराश्याच्या गोळ्या सोडल्या होत्या. महिनाभर झोप नव्हती, जगावंसं वाटत नव्हतं. तिचा कागद ऐकला नसता तर आलो नसतो, असं तो म्हणाला. त्याला त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी रात्री वेळ आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आईच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तो आता उपचार घेतो आहे. एका मुलीची साक्ष किती जणांची तोंडं बंद करून बसली होती हे मला त्या दिवशी कळलं, आणि या प्रकरणात गटाला ठेवून घेणं बरोबर होतं याबद्दलची माझी शेवटची शंका गेली.

आता

मैत्रिणीचा सातचा फोन पुन्हा सुरू आहे, जुन्या प्रश्नासह. आईनं गावाहून नवा गंडा आणून तिच्या दंडात बांधला. डॉक्टर म्हणाले असू दे. वडिलांचा गटावरचा राग गेलेला नाही. ती शुक्रवारी तिथे जाते हे त्यांना माहीत आहे, ते त्यावर बोलत नाहीत, आणि सकाळी मार्केटला निघण्याआधी गोळीची डबी तिच्या उशाशी ठेवून जातात. दर तीन महिन्यांनी ओपीडीला आता तेच बरोबर येतात. कॉलेजच्या फॉर्मवर या वर्षी ‘अपस्मार, उपचार सुरू’ असं तिनं स्वतः लिहिलं. वडिलांनी खाली सही केली.

क्लिप अजून फिरते आहे. दिव्याहून एका बाईंनी तिचा नंबर शोधून काढून फोन केला, मुलाला फिट येते, तुम्ही काय केलंत ते सांगा. तिनं त्यांना ओपीडीचा वार आणि केसपेपर कुठे काढायचा ते सांगितलं, आणि मुलाच्या गोळ्या चालू आहेत ना, हे दोनदा विचारलं. क्लिप काढून टाकावी म्हणून गटानं त्या प्रचारकांना लिहिलं, उत्तर आलेलं नाही. पुढचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर जाणार आहे. मसुदा दादानं केला आहे आणि प्रिन्सिपलनी त्यावर सही केली आहे.